सावळदरीचे गवंडी

पुतळ्याचा चेहरा फोडून पुरता एक पावसाळाही उलटला नव्हता, तोच तो परत उगवला.

प्राजक्ता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. नजर सहज धरणाकडे गेली आणि हातातली ओली साडी तशीच कठड्यावर लोंबत राहिली. धरणाच्या भिंतीच्या मधोमध उभा असलेला संरक्षकांचा आठ मजली पुतळा रोजच्यासारखा करडाच होता. पण छिन्नीयंत्रानं फोडून खडबडीत केलेल्या चेहऱ्याच्या जागी आता पांढराशुभ्र, गुळगुळीत गोळा दिसत होता. नाक नाही, डोळे नाहीत. तरीही तो चेहराच वाटत होता, आणि तेच वाईट होतं.

मागे खुर्चीत हर्षदाताई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या गच्चीवर नेहमी धरणाकडे पाठ करूनच बसत.

"काय झालं गं?"

"ताई, तुम्ही बघू नका."

असं म्हटल्यावर कोण बघणार नाही? हर्षदाताई उठल्या, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग शेंगेचं टरफल खाली टाकून म्हणाल्या, "तुझीच पोरं ना ही?"

प्राजक्तानं मान हलवली. तिचीच होती.

नणंद-भावजयींचं हे घर. प्राजक्ताचा नवरा, म्हणजे हर्षदाताईंचा धाकटा भाऊ, हृदयविकारानं गेला तेव्हा ताई चार दिवसांसाठी म्हणून राहायला आल्या, त्या राहिल्याच. सकाळी कोणी आधी उठायचं, भाजीत गूळ घालायचा की नाही, पंख्याचा वेग किती, यावरून दोघींचं रोज वाजायचं. प्राजक्ताला चष्मा सापडेना की ताई तिच्या डोक्यावरून काढून देत, आणि ताईंच्या गुडघ्याला तेल लावल्याशिवाय प्राजक्ता झोपत नसे. एकाच विषयावर मात्र दोघी कधी बोलत नसत. तो विषय घराच्या गच्चीवरून आठ मजले उंच दिसायचा.

प्राजक्ता सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत तिनं नाशिकच्या प्रयोगशाळेत एक जीवाणू घडवला होता. काँक्रीट कितीही चांगलं असलं तरी त्याला बारीक भेगा पडतातच. भेगेतून पाणी शिरतं, आतली सळई गंजते, फुगते आणि भिंत फुटते. प्राजक्ताचे जीवाणू सिमेंट कालवतानाच त्यात मिसळायचे. काँक्रीट वाळलं की ते बीजाणू होऊन, बियाण्यासारखे गाढ झोपायचे. भेग पडली, तिच्यातून पाणी, हवा आणि उजेड आत आला, की ते जागे होत. उन्हावर जगत, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आणि त्याचा चुना करून भेग बुजवत. भेग बुजली की उजेड बंद, आणि हे पुन्हा झोपी जात. त्यांना निराळं खाद्य घालावं लागत नसे, त्यामुळे ते संपतही नसत. धरणाच्या भिंतीत खोलवर, जिथं ऊन पोचत नाही, तिथं झिरपणाऱ्या पाण्यातल्या क्षारांवर ते हळूहळू का होईना, तेच काम करत. प्राजक्तानं त्यांचं नाव ठेवलं होतं गवंडी.

गळके कालवे वाचावेत, एवढीच तिची इच्छा होती. पण ते दिवस संरक्षकांचे होते. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. चौदा वर्षं देशात निवडणूक झाली नाही, वर्तमानपत्र एकच निघायचं आणि रस्तोरस्ती त्यांचे पुतळे उभे राहायचे. गवंड्यांची बातमी त्यांच्या कानावर गेली. सावळदरीचं नवं धरण त्याच काँक्रीटचं करायचा हुकूम आला, आणि पाठोपाठ दुसरा: धरणावर माझा पुतळा त्याच काँक्रीटचा, भिंतीशी एकजीव ओतलेला हवा. धरणाचे दरवाजे उचलणारी यंत्रं पुतळ्याच्या दोन पायांत बसवली गेली. म्हणजे पुतळा हलवायचा तर धरण रिकामं करावं लागणार, आणि धरणावर तीन तालुके पाणी पिणार. माणूस जाईल, पुतळा जाणार नाही, याची त्यांनी पुरेपूर व्यवस्था केली होती.

त्याच दिवसांत हर्षदाताईंचा ओजस गेला. धरणात बुडालेल्या गावांना जमीन द्या, एवढं मागणाऱ्या पोरांत तो होता. व्हॉलीबॉल खेळायचा, मोठमोठ्यानं हसायचा, आणि सुट्टीत प्राजक्तामामीकडे येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास गवंड्यांची हालचाल बघायचा. "मामी, यांना सुट्टी नसते का गं?" असं विचारायचा. बसस्थानकावरून त्याला गाडीत घातलं, एवढं लोकांनी पाहिलं. पुढे काहीच नाही. असे सावळदरीतले बरेच गेले.

आता लोकशाही परत येऊन आठ वर्षं झाली होती. नव्या संसदेनं स्मारक कायदा केला होता: पुतळ्यांचं काय करायचं ते त्या त्या गावानं सभा भरवून ठरवावं. कुठं पुतळे वितळवले, कुठं संग्रहालयाच्या अंगणात आडवे ठेवले. सावळदरीत मात्र जिल्ह्याच्या एका उत्साही अधिकाऱ्यानं गावाला न विचारताच चेहरा फोडून घेतला होता. त्याचं फळ आता समोर होतं.

पुढच्या आठवड्यात धरणावर गर्दी लोटली. कोणी म्हणे चमत्कार झाला, संरक्षक शुद्ध होऊन परत आले. हार आले, ढोल आले. धरणाच्या दरवाजांवर देखरेख करणारा संतोष भामरे स्वतः पायऱ्या चढून वर गेला आणि त्यानं पुतळ्याच्या पायावर फुलं वाहिली. संतोष शाळेत हर्षदाताईंच्याच वर्गात शिकलेला. ओजसला नेल्यानंतर थोड्याच दिवसांनी या पुतळ्याचं उद्घाटन झालं होतं, आणि कॅमेऱ्यासमोर संतोष म्हणाला होता, "आमच्या सावळदरीत सगळं शांत आहे." त्या दिवसापासून एकोणीस वर्षं हर्षदाताई त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

गर्दी वाढली तशी स्मारक आयोगाची अधिकारी आली. रुबीना तडवी नाव, तिशीतली, बोलायला मोकळी. तिनं एक थंड पेटी आणली होती.

"मॅडम, यात तुमच्या गवंड्यांना मारणारा विषाणू आहे," ती प्राजक्ताला म्हणाली. "हा फक्त त्यांनाच मारतो. माणसाला नाही, माशाला नाही. एकदा गवंडी मेले की पुतळा साधं काँक्रीट. फोडलेलं परत उगवणार नाही, आणि उरलेलं वारा-पाऊस झिजवेल. फक्त तुम्ही तपासून सही करा."

प्राजक्तानं घरामागच्या खोलीत काचेच्या टाकीत दोन ठोकळे ठेवले: एक पुतळ्याच्या फुटलेल्या तुकड्याचा, दुसरा धरणाच्या भिंतीतून काढलेला. मधे फक्त एक ओलं गोणपाट. विषाणू पहिल्या ठोकळ्यावर सोडला. काही दिवसांत त्यातले गवंडी मेले. आणि मग, तिला जी भीती होती तेच झालं. गोणपाटातल्या ओलीवरून विषाणू सरकला आणि दुसऱ्या ठोकळ्यातले गवंडीही मेले.

तिनं रुबीनाला फोन लावला. "सही होणार नाही. धरणाच्या भिंतीत गेली एकोणीस वर्षं रोज नव्या भेगा पडताहेत आणि रोज बुजताहेत. ते काम थांबलं तर चार-पाच वर्षांत भिंत गळू लागेल. खाली अख्खं गाव आहे."

हे सगळं हर्षदाताईंनी दारात उभं राहून ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी भाकऱ्या थापल्या, पण ताट एकच वाढलं, प्राजक्ताचं.

"तुम्ही?"

"भूक नाही."

"ताई, धरण फुटलं तर..."

"कळतं मला. शाळेत गणित शिकवलंय मी, अडाणी नाही." ताईंनी तवा उतरवला. "तू बरोबर आहेस. तू नेहमीच बरोबर असतेस. पण त्याला मारायचं औषध माझ्या घरात आलं, टाकीत पडलं, आणि माझ्याच भावजयीनं ते परत पाठवलं. ते मला घशाखाली उतरत नाही, एवढंच."

प्राजक्तालाही मग जेवण गेलं नाही. तिला वाटलं ताईंनी भांडावं, आदळआपट करावी. पण ताईंनी गुडघ्याला तेलही लावू दिलं नाही, आणि भाजीत गूळ पडला तरी काही बोलल्या नाहीत. घर इतकं शांत झालं की प्राजक्ता रेडिओ लावून ठेवू लागली.

आणि एका दुपारी संतोषचा फोन आला.

"वहिनी, लवकर या. हर्षदा पुतळ्याच्या पायाशी बसलीय. छिन्नी-हातोडा घेऊन. मला वर कळवावं लागेल, पण आधी तुम्हाला लावला."

प्राजक्ता धापा टाकत पोचली तेव्हा साठीला टेकलेल्या हर्षदाताई पुतळ्याच्या उजव्या पावलाशी, पदर खोचून, मांडी घालून बसल्या होत्या. धरणाच्या सांडव्याचे तुषार अंगावर येत होते. केस भिजले होते, अंगठा सोलला होता. अक्षरं गणिताच्या बाईंची होती, सरळ आणि ठसठशीत. ओ झाला होता. ज झाला होता. स अर्धा.

संतोष चार हातांवर उभा होता. त्यानं अडवलं नव्हतं, आणि तो निघूनही गेला नव्हता.

प्राजक्ता शेजारी बसली. काय बोलावं ते तिला कळत होतं आणि बोलणं जिवावर येत होतं. "ताई, हे राहणार नाही हो. गवंडी भरून टाकतील. महिनाभरात तिथं काहीच दिसणार नाही."

"भरू देत. मी परत कोरीन."

"परत भरतील."

"मग परत." हातोडा थांबला. "प्राजू, त्यांना सुट्टी नसते ना? मलाही नाही."

प्राजक्तानं ताईंच्या हातातून छिन्नी घेतली, आपल्या ओढणीनं पुसली, आणि स पूर्ण केला. तिचा स वाकडा आला. ताईंनी तो पाहिला आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा रागावल्या, "अगं, एवढी डॉक्टर झालीस, एक अक्षर सरळ काढता येत नाही?"

संतोषनं अहवाल पाठवला. दोघींना नोटीस आली, निर्णय होईपर्यंत स्मारकाला हात न लावण्याची. दोघींनी सही करून ती घेतली.

मग महिना गेला. एका सकाळी फिरायला गेलेली प्राजक्ता धरणावर चढली. अक्षरं बुजलेली पाहायची तयारी करूनच गेली होती. पावलाजवळ आली आणि उभी राहिली.

गवंड्यांनी अक्षरं बुजवली होती. अगदी काठोकाठ. पण त्यांचा चुना पांढराशुभ्र होता आणि भोवतालचं काँक्रीट एकोणीस वर्षांच्या उन्हापावसानं काळवंडलेलं. चेहरा सगळाच फोडला होता म्हणून तिथं सगळाच पांढरा थर चढला. इथं छिन्नी लागली होती तेवढ्याच जागी. काठ जसेच्या तसे तीक्ष्ण, आणि अक्षरं पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली, बोटाला लागतील अशी. करड्या काँक्रीटवर दुधाळ पांढरं: ओजस. तिचा वाकडा स सुद्धा तस्साच.

प्रयोगशाळेत तिच्या गवंड्यांनी असंख्य भेगा बुजवल्या होत्या. त्यांच्यापुढे कोणी कधी अक्षर कोरलं नव्हतं.

ती घरी धावत गेली नाही. हळू चालत गेली, कारण रडू आवरत नव्हतं. ताईंना हाताला धरून घेऊन आली. हर्षदाताईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं. मग म्हणाल्या, "हे पुसता येतं का कोणाला?"

"खरवडलं तर परत उगवेल. याच जागी, याच आकारात."

"म्हणजे त्यानं स्वतःसाठी जे करून ठेवलं..."

"हो, ताई."

सभा शाळेच्या मैदानावर भरली. रुबीनानं पर्याय मांडले, कुठलाच गोड करून न सांगता. पुतळा पाडायचा तर दोन वर्षं धरण कोरडं ठेवावं लागेल. वरचा भाग कापला तर तो उतरवणाऱ्या क्रेनचं ओझं भिंतीला झेपणार नाही. आहे तसा ठेवून शेजारी माहितीचा फलक लावता येईल. एक तरुण म्हणाला, कापडानं झाकून टाका. शाळेतल्या बाई म्हणाल्या, झाकलं की मुलं आधी तिथंच बघतात.

संतोष उठला. "मला कोणी भक्त म्हणा, काहीही म्हणा. माझी आई दोन कोसांवरून पाणी आणायची. घरात पहिला नळ आला तो या माणसामुळे. त्यानं वाईट केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही सगळे मला सांगता विसर. मी पाणी प्यायचं आणि ते कोणी दिलं ते विसरायचं?"

मागून कोणी ओरडलं, खाली बस. हर्षदाताई उठल्या.

"त्याला बोलू द्या. झालं बोलून? मग मी बोलते." त्या सभेकडे वळल्या, संतोषकडे नाही. "मला हा पुतळा पाडायचा होता. आजवर एक दिवस असा गेला नाही की मला तो पाडायचा नव्हता. पण माझ्या मुलाचं नाव या देशात आज एकाच जागी लिहिलेलं आहे. पोलीस म्हणतात, असा कोणी आमच्याकडे आलाच नाही. जगला होता याला पुरावा फक्त मी आणि ते पाऊल. ज्यांना पाणी आठवतं त्यांना आठवू द्या. आम्हाला पोरं आठवतात. दोन्ही त्याच काँक्रीटमधे आहे, वेगळं काढता येत नाही, हे माझ्या भावजयीनं मला टाकीत दाखवलंय. म्हणून मी म्हणते, पाडू नका. त्याच्यावर नावं कोरा. नेलेल्या सगळ्यांची. बुडालेल्या गावांची. भिंत बांधताना मेलेल्या मजुरांची. पायापासून सुरू करा आणि वर जात राहा. प्रत्येक नाव आधी या सभेत मोठ्यानं वाचायचं, ओळखणाऱ्यानं उभं राहून तो कोण होता ते सांगायचं, आणि मगच कोरायचं."

मतदान झालं. ठराव मंजूर झाला, पण काही दणक्यात नाही; बरेच हात विरोधात वर गेले, आणि त्यांत संतोषचाही होता. रुबीनानं ते हातही मोजून नोंदवले. पांढऱ्या चेहऱ्याचं काय करायचं, यावर सभेनं एवढंच ठरवलं की त्याला हात लावायचा नाही, आणि हारही घालायचे नाहीत.

हिवाळाभर काम चाललं. सभेत नावं वाचली जात, म्हातारी माणसं उभी राहून आपल्या माणसाबद्दल सांगत. फिरोज बासरी वाजवायचा. मंगला बाळंतीण असताना नेली. परगावचे दोन मजूर होते, त्यांची पुरती नावं कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून त्यांना हाक मारायचे तीच नावं कोरली. अक्षरं घोट्यावर, पोटरीवर चढत गेली. प्राजक्ता लाकडी परांचीवर उभी राहून अक्षरांची खोली मोजायची आणि ताई खालून अक्षरं तपासायच्या. "तो र नीट काढा हो, माणसाचं नाव आहे!"

मग उन्हाळा लागला. सांडवा आटला, तुषार थांबले. नवी कोरलेली नावं कोरडी राहिली. गवंडी झोपलेलेच, पाण्यावाचून ते जागे होईनात. प्राजक्तानं रुबीनाला कळवलं, रुबीनानं पाटबंधारे खात्याला. खात्याचं उत्तर यायचं तेव्हा येणार होतं.

एका संध्याकाळी ताईंना घेऊन प्राजक्ता धरणावर गेली तर पुतळ्याचे पाय ओले चिंब. वर पाहिलं. दरवाजे धुवायचा लांब पाइप खांद्यावर घेऊन संतोष परांचीवर उभा होता आणि नावांवर पाणी मारत होता.

प्राजक्ता म्हणाली, "संतोषभाऊ, खात्याचा हुकूम आला का?"

"नाही आला."

"मग? तुमचं तर मत विरोधात होतं."

"अजूनही आहे," संतोष म्हणाला. त्यानं पाणी थांबवलं नाही. "पण गावानं ठरवलंय. आणि इथं पाणी सोडायचं काम माझं आहे."

हर्षदाताई खाली उभ्या होत्या. तुषार त्यांच्या चष्म्यावर येत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या दोन पावलं पुढे झाल्या आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या माणसाला हाक मारली.

"संतोष, जरा डावीकडे."

पाइप क्षणभर हलला. "इथं?"

"अजून. तो कोपरा सुकाच राहिलाय. तिथं फिरोज आहे."

संतोषनं पाण्याची धार डावीकडे वळवली.